चाक ‘घसरते’ की ‘सुटते’?

माळवेकर, इंदूर : जीपच्या मागच्या ॲक्सलमधले झिजलेले लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारा आणि त्यांच्या वेगातली तफावत मर्यादेत ठेवणारा गिअरांचा संच) खोलून पुन्हा कसे बांधावे, याची टिपणे मी इथल्या मराठी मित्रांसाठी लिहीत आहे. त्यातल्या ‘चाक घसरते’ या शब्दप्रयोगाला एका वडीलधाऱ्या मिस्त्रींनी हरकत घेतली. त्यांच्या मते ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर होते ते घसरणे. चिखलात जागच्या जागी गरगरणारे चाक ‘सुटते’. आपले मत काय?

शब्दप्रेमी, बडोदे : ‘मर्यादित-सर्पण विभेदक’ असा शब्द घडवावा. सयाजीरावांच्या बडोद्यात १९३१ साली शासनव्यवहाराचा बहुभाषी कोश निघाला, तो शब्द घडवण्याची उमेद होती म्हणूनच.

जुन्या इंदुरातला : सुट्या भागांच्या दुकानात ‘विभेदक’ मागून पाहावा, म्हणजे अडचण कळेल. शिवाय इथे घसरण्याचा प्रश्नच नाही. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, त्यामुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. प्लेटांच्या लिमिटेड स्लिपमध्ये घर्षणाच्या आणि पोलादी प्लेटा आलटूनपालटून रचलेल्या असतात. एकीचे दाते साइड गिअरमध्ये, म्हणजे चाकाचा दांडा फिरवणाऱ्या गिअरमध्ये, बसतात, दुसरीचे कान बाहेरच्या घरात, म्हणजे कवचात, अडकतात, आणि दाब आला की या प्लेटा दोन्ही चाकांच्या वेगातली तफावत आवरून धरतात. स्लिप म्हणजे ही तफावत.

माळवेकर : मग वळणावर ॲक्सलमधून येणाऱ्या खडखडाटाला काय म्हणावे? नव्या प्लेटा गिअर ऑइलमध्ये भिजवून न बसवल्यास किंवा तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचे घर्षण सौम्य करणारे द्रव्य) न घातल्यास प्लेटा क्षणात धरतात, क्षणात सोडतात.

जुन्या इंदुरातला : ‘धरसोड’. याहून नेमका शब्द मिळणार नाही.

शब्दप्रेमी : धरसोड माणसाच्या वृत्तीची असते, यंत्राची नव्हे. आणि आपण ‘झिजलेले’ लिहिलेत ते योग्यच आहे. इंदूरकडचे ‘घिसलेले’ हे उघड हिंदी आहे.

जुन्या इंदुरातला : घासणे ही क्रिया, झिजणे हा तिचा परिणाम, हे मान्य. परंतु एक चाक उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, टॉर्क रेंचने (फिरवायला लागणारा जोर मोजणाऱ्या पान्याने) ते फारच हलके फिरले, तर इथला मराठी मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या ‘प्लेटा घिसल्या’ असेच सांगत आला आहे. त्याच्या तोंडचे मराठी आपण मराठी मानणार की नाही?

शब्दप्रेमी : बोलण्यात मानू, टिपणात नाही.