मँडरिन: सुधारला की गुंडाळला?

मळ्यातला, पणजी
मत आधी सांगतो, शिव्या मागून घाला. मँडरिन म्हणजे आयर्न मॅनचा कॉमिकमधला जुना वैरी. मार्व्हलने त्याचं सोनं केलं ते २०१३ च्या ‘आयर्न मॅन ३’ सिनेमात. २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये नव्हे.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दाढीवाला, बोटांत अंगठ्या, टीव्हीवरून अमेरिकेला धमक्या देणारा मँडरिन अर्ध्या सिनेमापर्यंत घाम फोडतो. मग कळतं, हा तर ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा पिऊन पडलेला इंग्रज नट! त्याला भाड्याने आणलाय आल्ड्रिच किलियन या उद्योगपतीने, स्वतःच्या फसलेल्या प्रयोगांतले स्फोट दहशतवाद्यांच्या नावावर खपवायला.

कॉमिकमधला मँडरिन १९६४ चा. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चा ५० वा अंक, स्टॅन ली आणि डॉन हेक. शीतयुद्ध जोरात. लोंबत्या मिशा, चंगेज खानाचा वंशज, चीनमधल्या किल्ल्यात बसून जग जिंकायचे बेत. सरळ सांगायचं तर सॅक्स रोमरच्या कादंबऱ्यांतल्या फू मांचू या कपटी चिनी खलनायकाची झेरॉक्स. हे आज पडद्यावर जसंच्या तसं आणणार कसं? आणि गाळलं तर चाहते घर डोक्यावर घेणार. दिग्दर्शक शेन ब्लॅकने मग राक्षसाऐवजी राक्षस बनवायचा कारखानाच दाखवला. मेकअप, सेट, कॅमेरा, पाठ केलेली भाषणं आणि मागे पैसे मोजणारा गोरा शेठ. सुपरहिरोच्या सिनेमात याहून झोंबणारी टीका मी तरी पाहिलेली नाही.

फोंडेकर
काय बोलता बाब! २००८ च्या पहिल्या सिनेमात मँडरिनच्या दहा अंगठ्यांची आठवण देणारी ‘टेन रिंग्ज’ टोळी दाखवली तेव्हापासून आम्ही पाच वर्षं डोळे लावून बसलो, आणि पदरात काय पडलं? बेवडा. बॅटमनला जोकर आहे, सुपरमॅनला लेक्स लूथर. आयर्न मॅनला त्या तोडीचा हा एकच होता. कोसळलेल्या परग्रही यानात सापडलेल्या दहा अंगठ्या, प्रत्येकीची शक्ती वेगळी. यंत्रवाल्यासमोर जवळजवळ जादूगार! या जोडीवर तीन सिनेमे निघाले असते. वंशद्वेष मिशांत होता ना? मग मिशा भादरा. माणूस का उडवलात?

रायबंदरची
फोंडेकर, मिशा भादरून उरतो तो वेनवू, ‘शांग-ची’ सिनेमातला खलनायक आणि नायक शांग-चीचा बाप. दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटनने २०२१ मध्ये तेच तर केलं. आणि त्याला एक नाही, दोन भुतं उतरवायची होती. १९७३ साली शांग-ची कॉमिकमध्ये आला तेव्हा त्याचा बाप खुद्द फू मांचू होता. मार्व्हलने ते पात्र परवानगीने वापरायला घेतलं होतं, पुढे हक्क सुटले आणि कॉमिकवाल्यांना बापाचं नाव बदलावं लागलं. म्हणजे वेनवू झालेल्या टोनी लियुंगच्या खांद्यावर मँडरिनही आणि फू मांचूही. तरी तो माणूस वाटतो. बायकोसाठी अंगठ्या काढून ठेवतो, ती मारली गेल्यावर पुन्हा चढवतो. मुलाला मारेकरी बनवतो तेव्हाही त्याच्यातला बाप लपत नाही.

आता मळ्यातल्या बाबांना विचारते. तुमच्या लाडक्या सिनेमात आशियाई माणूस कुठे आहे हो? हिरो गोरा. कारखानदार गोरा. ट्रेव्हर झालेले बेन किंग्जली अर्धे गुजराती, मूळ नाव कृष्णा भानजी, पण पात्र इंग्रजच. १९३२ मध्ये बोरिस कार्लॉफ आणि साठच्या दशकात ख्रिस्तोफर ली, दोघेही इंग्रज नट फू मांचूचं सोंग घेऊन गेले. २०१३ चा सिनेमा सोंगावर हसला हे खरं, पण ज्यांचं सोंग काढलं त्यांच्या तोंडी चार वाक्यंही दिली नाहीत.

दिवचलचो
कितें तत्त्वज्ञान चाललंय! गल्ला बघा गल्ला. ‘आयर्न मॅन ३’ची चीनसाठी वेगळी आवृत्ती काढली होती, फॅन बिंगबिंग या चिनी नटीचे जादा प्रसंग घालून. तिथे चिनी राक्षस विकणार कोण? आणि मुळात प्रमुख खलनायक बाई असणार होती. बाईची खेळणी खपणार नाहीत म्हणून वरून बदलायला लावलं, हे शेन ब्लॅकनेच २०१६ मध्ये सांगितलंय. घ्या तुमची झोंबणारी टीका.

मळ्यातला, पणजी
हिशेब होताच, कोण नाही म्हणतो? पण ‘शांग-ची’ एवढा जपून बनवला, तरी चीनमध्ये लागलाच नाही. नुसत्या हिशेबाने सगळं ठरत नाही, दिवचलकार.

रायबंदरच्या बाय, लियुंगचा अभिनय शंभर नंबरी. पण हजार वर्षं राज्यं उलथवणारा माणूस सुरुवातीच्या निवेदनातच उरकला. त्याने मारलेल्यांपैकी एकाचाही चेहरा आठवतो का? नाही. आठवते ती त्याची बायको. अशाने कोणीही हळवा होतो.

पेडण्याचा राखणदार
जत्रेत दशावतार पाहून वाढलेला माणूस म्हणून दोन पैसे टाकतो. आमच्याकडे संकासुर वेद चोरतो, म्हणजे अपराध काही लहान नाही. पण रंगात आला की समोर बसलेल्या गावकऱ्यांची टर उडवतो, हास्याचा धुरळा उडतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पोरं वाट त्याचीच बघतात. तेव्हा खलनायकावर हसलं की तो संपला, हे फोंडेकरांचं गणित मला मान्य नाही.

फोंडेकर
अहो, संकासुर मरेपर्यंत संकासुरच राहतो! निम्म्या खेळात मुखवटा काढून “मी खरं तर मडगावचा नट, बिदागीवर आलोय” म्हणतो का? म्हटलं तर तुमचे पेडणेकर त्याला घरी जाऊ देतील?

पेडण्याचा राखणदार
😄 ते खरं. चहा पाजून पाठवतील, पण पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

रायबंदरची
राखणदार, संकासुर आपलाच. लिहिणारे आपले, नाचणारे आपले, हसणारेही आपले. मँडरिन दुसऱ्यांनी दुसऱ्यांबद्दल रचला.

घरातलंच बघा. हिंदी सिनेमात गोंयकार म्हणजे काय? गळ्यात क्रॉस, हातात बाटली, मोडकं हिंदी. कित्येक वर्षं हेच. गोव्यातल्या हिंदूंना तर त्या पडद्यावर जागाच नाही, जणू फोंडा-सांखळी नकाशावर नाही. उद्या एखाद्या दिग्दर्शकाने दाखवलं की हा बेवडा मुंबईच्या एका निर्मात्याने उभा केलेला खोटा गोंयकार होता, तर मी टाळ्या वाजवीन. पाच मिनिटं. मग विचारीन, खरा गोंयकार कुठे आहे?

मळ्यातला, पणजी
आणि मला भीती पुढच्या सिनेमाची. त्यात खरा गोंयकार येईल, बायकोच्या आठवणीने रडणारा दुःखी स्मगलर होऊन. बाटली तीच, फेणी तेवढी उंची. तुम्ही त्याला न्याय म्हणाल, मी रंगसफेदी म्हणीन.

रायबंदरची
स्मगलर तरी आपल्यातला एखादा नट करेल ना? लियुंग नसता तर तुम्ही हा वाद तरी घातला असता का?

दिवचलचो
एक विसरलात. २०१४ च्या ‘ऑल हेल द किंग’ लघुपटात तुरुंगातल्या ट्रेव्हरला सांगितलं जातं की खरा मँडरिन आहे आणि तो चिडलाय. म्हणजे वर्षभरातच माघार.

फोंडेकर
आमच्या शिव्यांचं फळ!

दिवचलचो
१२० कोटी डॉलरच्या वर कमावल्यावर शिव्या गोड लागतात.

पेडण्याचा राखणदार
‘शांग-ची’त ट्रेव्हरला मारायला उचलून आणतात, तर हा शेक्सपिअर म्हणायला लागतो आणि वेनवूचे लोक त्याला विदूषक म्हणून ठेवून घेतात. सोंगाड्याला शेवटी सोंगानेच तारलं. मळ्यातले जिंकले म्हणा.

फोंडेकर
कसले जिंकले! वेनवूने अंगठ्या कड्यांसारख्या मनगटांवर चढवल्या. बोटांत घातल्या त्या फक्त त्या बेवड्याने, आणि त्याही खोट्या. माझी तक्रार जिथे होती तिथेच आहे.