२०२४ मधले राहून गेलेले अल्बम: तुम्हाला कसे सापडले?

वर्ष संपलं की सगळीकडे त्याच दहा नावांच्या याद्या फिरतात आणि त्यातली गाणी इच्छा असो नसो आपण वर्षभर ऐकलेलीच असतात. मला हवेत ते यादीबाहेरचे. २०२४ मधला असा एखादा अल्बम जो तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलात, परत परत ऐकलात, आणि ओळखीत कुणाला सांगितलं तर समोरच्याने "कोण हे?" असं विचारलं. प्रकार कुठलाही चालेल. फक्त नुसतं नाव टाकून जाऊ नका, तो कसा भेटला आणि ऐकताना काय झालं ते सांगा. सुरुवात मी करते.

आरुषी जैनचा 'डिलाइट'. मी लहानपणापासून गाणं शिकले आणि मग सुटलं ते सुटलंच, पंधरा वर्षं झाली. गुरुजींनी शेवटचा शिकवायला घेतलेला राग बागेश्री, तो अर्धाच राहिला आणि गुरुजी गेले, त्यामुळे बागेश्री कुठे लागला की मी उठून दुसरीकडे जाते. हा अल्बम मॉड्युलर सिंथेसायझरवर (सुटे भाग वायरींनी जोडून आवाज घडवायचं यंत्र) केलाय एवढंच वाचलं होतं, तो बागेश्रीवर उभा आहे हे माहीत असतं तर लावलाच नसता. कपड्यांच्या घड्या घालत होते, कोमल गंधारावरून सूर मध्यमावर येऊन टेकला आणि हातातली घडी तशीच राहिली. तबला नाही, बंदिश नाही, विलंबित-द्रुत असलं काही नाही, आवाजाचे बारीक तुकडे करून यंत्रातून फिरवलेत आणि ते लाटांसारखे परत परत येतात. कट्टर लोक म्हणतील हा बागेश्री नाही, विस्तार कुठे आहे. मला वाटतं तिने विस्ताराच्या वाटेला न जाता त्या रागातलं वाट बघणं तेवढं धरून ठेवलंय आणि ते शेवटपर्यंत सोडलेलं नाही. तिचा २०२१ चा 'अंडर द लायलॅक स्काय' पण ऐका, तो तिने सूर्यास्ताच्या वेळी ऐकण्यासाठी केला होता. असो, त्या रात्री सगळे झोपल्यावर मी सा लावला. थरथरला, पण लागला.

*

ताई तुमचं वाचून लिहायला बसलोय. मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा हे माझं मत तीस वर्षं पक्कं होतं. माझा मुलगा सतराचा, त्याच्याशी गेलं वर्षभर बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "हो". एकदा लांबच्या प्रवासात गाडीत त्याने त्याचा फोन जोडला, ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'. अमेरिकेतल्या डेन्व्हरचा डेथ मेटल बँड आणि अख्ख्या अल्बममध्ये दोनच रचना, प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास आणि प्रत्येकीचे तीन भाग. सुरुवातीची काही मिनिटं मी दात आवळून गाडी चालवली, खरं सांगतो. आणि मग अचानक सगळं थांबलं आणि सिंथेसायझरचा एक असा थर पसरला की मी म्हणलं हे तर टँजरीन ड्रीमसारखं वाटतंय, तो जुना जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड. मुलगा एकदम वळला, "बाबा तुम्हाला टँजरीन ड्रीम माहितीये?" अरे कॉलेजात रात्र रात्र ऐकलंय! तर तिथे खरोखरच टँजरीन ड्रीमचा थॉर्स्टन क्वेशनिंग वाजवतोय, आणि रेकॉर्डिंगही बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं. पुढचा सगळा रस्ता आम्ही तो अल्बम दोनदा ऐकला, त्याने मला तो घोगरा आवाज गळ्यातून कसा काढतात ते समजावलं, मी त्याला सत्तरच्या दशकातले ते लांबच लांब ट्रॅक ऐकवले. तुम्हाला मेटल आवडत नसेल तर 'द स्टारगेट' या पहिल्या रचनेचा दुसरा भाग आधी ऐका आणि मग पहिल्या भागावर या.

*

मी हिपहॉपवाला. माझा अल्बम 'का' (Ka) नावाच्या रॅपरचा 'द थीफ नेक्स्ट टू जीझस'.

याच्याबद्दल थोडं जास्त लिहू द्या कारण हा माणूस आता नाही. कसीम रायन त्याचं नाव, ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा, आणि नोकरी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात, तिथे कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत गेला. ११ सप्टेंबर २००१ ला मदतीला धावलेल्यांतला. म्हणजे दिवसा आग विझवायची आणि उरलेल्या वेळात गाणी लिहायची, स्वतःच अल्बम काढायचे, मोठी कंपनी नाही काही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हा अल्बम आला आणि १२ ऑक्टोबरला तो गेला, ५२ व्या वर्षी.

मी आधी बातमी वाचली, मग अल्बम ऐकला, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तोपर्यंत त्याचं नाव मी चार-पाच वेळा ऐकलं असेल आणि प्रत्येक वेळी नंतर ऐकू म्हणून बाजूला ठेवलं. त्याच्या गाण्यात ड्रम जवळजवळ नसतोच, त्यामुळे ज्याला बीटवर मान डोलवायची सवय आहे त्याला पहिले दोन दिवस काही सापडत नाही. मला पण सापडलं नाही. इथे खाली कृष्णवर्णीय चर्चमधलं गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीतं, वाजत राहतं, जुनं, खरखरीत, आणि वर हा अगदी हळू, शेजारी बसून कानात सांगावं तसा बोलतो. सांगतो काय तर ज्या धर्माने आमच्या लोकांना धीर दिला त्याच धर्माचं नाव घेऊन आम्हाला गुलाम कसं ठेवलं. कुठे आवाज चढवत नाही. एकेका ओळीत दोन-दोन अर्थ, मी शब्द समोर ठेवून थांबवत थांबवत ऐकला, एक गाणं एका संध्याकाळी एवढंच. रॅप म्हणजे गाड्या आणि शिव्या एवढंच ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, हा अल्बम पाठवतो. आणि एक केलंय, ज्यांची नावं "नंतर ऐकू"मध्ये पडली होती त्यांना रोज एक असं ऐकायला सुरुवात केलीय.

*

वरचं वाचून गलबलून आलं दादा. आज रात्री लावते.

माझा छोटासाच अनुभव. रात्रपाळीत असते मी, पहाटे तीन ते चार हा तास सगळ्यात अवघड, झोप डोळ्यात उतरलेली आणि चुकून चालणार नाही असं काम. नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' त्या तासासाठीच केलाय असं मला वाटतं. 'कंटिन्यूअम १' ते 'कंटिन्यूअम १०' असे दहा भाग, एकच स्वरांची साखळी सगळ्यातून फिरत राहते आणि तिच्या अवतीभवती हार्प, सॅक्सोफोन, व्हायोलिनं येतात नि जातात. पाऊण तास. जॅझ म्हणायचं की इलेक्ट्रॉनिक ते मला नाही सांगता येत. संपतो तेव्हा खिडकीत थोडं दिसायला लागलेलं असतं.

*

बेथ गिबन्सचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? 'लाइव्ह्ज आउटग्रोन', मे २०२४. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची गायिका, साठीला आलेली, आणि ही गाणी तिने दहा वर्षं घेऊन केलीत. मी पन्नाशी ओलांडली, त्या दोन वर्षांत पाळी गेली, आई गेली, मुलगी लांब शिकायला गेली. तिन्ही गोष्टींवर लोक म्हणतात की होतंच असं सगळ्यांचं. होतं हो, पण त्यावर गाणी किती आहेत सांगा मला? प्रेमात पडण्यावर लाखो आणि शरीर बदलतंय, माणसं एकेक करून जातायत, आपण आता पूर्वीचे राहिलो नाही यावर मोजून चार. ती तेच गाते आणि धीर द्यायच्या भानगडीत पडत नाही, म्हणूनच मला धीर आला.

आणि त्याचा आवाज ऐका, म्हणजे वाद्यांचा. ढोलासारखं जे धपधप वाजतं ते नेहमीचं ड्रमकिट नाहीये, टॉक टॉक बँडच्या ली हॅरिसने डबे, पत्रा, पडद्यांनी भरलेलं खोकं असलं काय काय वाजवलंय. घरातच काहीतरी हळूहळू सरकतंय असं वाटत राहतं. एकट्याने हेडफोनवर ऐका. मैत्रिणीला पाठवला तर म्हणाली फार उदास आहे गं, आणि मग आठवड्याने तिचाच मेसेज आला, तिला कुठलं गाणं चिकटलंय ते सांगायला.

*

शबाका हचिंग्ज. लंडनचा सॅक्सोफोनवाला, ऐन भरात असताना २०२३ च्या शेवटी त्याने सॅक्सोफोन खाली ठेवला आणि बासऱ्या हातात घेतल्या, त्यात जपानी शाकुहाची पण. 'परसीव्ह इट्स ब्यूटी, अक्नॉलेज इट्स ग्रेस' हा त्यानंतरचा अल्बम. मी स्वतः बासरी वाजवतो म्हणून सांगतो, ज्या वाद्यावर जगात नाव आहे ते सोडून नवशिक्यासारखं फुंकर शोधत बसायचं याला काय लागतं ते वाजवणाऱ्यालाच कळेल. फुंकर चुकली की बासरी लपवू देत नाही. त्याने ती लपवलेलीही नाही, श्वास ऐकू येतो, सूर लागायच्या आधीची हवा ऐकू येते. रेकॉर्डिंग न्यू जर्सीच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत, जिथे १९६४ मध्ये जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' केला, आणि सगळ्यांना एकाच खोलीत बसवून, हेडफोन न लावता. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकण्यासाठी हळू वाजवतोय हे जाणवतं. शेवटच्या गाण्यात त्याचे वडील कविता म्हणतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना हल्ली तान शिकवायच्या आधी हा ऐकवतो.

*

जरा आवाज वाढवू का? एमडू मोक्टार, 'फ्युनरल फॉर जस्टिस'. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरचा, सहारातल्या तुआरेग जमातीतला गिटारिस्ट, डावखुरा, पहिली गिटार त्याने स्वतः बनवली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. त्याची सुरुवातीची गाणी सहारात मोबाईलच्या मेमरी कार्डांवरून हातोहात पसरली. गातो तमाशेक भाषेत, मला एक अक्षर कळत नाही, भाषांतर नंतर वाचलं तर फ्रान्सने आमच्या देशाचं काय केलं हे थेट नाव घेऊन विचारतोय. पण भाषांतराच्या आधीच राग कळला होता, गिटारच तशी आहे, वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं वाक्य. जुलै २०२३ मध्ये त्याच्या देशात लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि तिथेच अडकला, घरी जाता येईना. हीच गाणी त्यांनी शांतपणे, विजेशिवायच्या गिटारींवर परत केली, तो 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' २०२५ च्या फेब्रुवारीत आला. पाठोपाठ ऐका दोन्ही. पहिल्यात जो ओरडतोय तोच दुसऱ्यात बसून रडतोय.

*

सिंडी ली (पॅट्रिक फ्लेगेल या कलाकाराने घेतलेलं नाव), 'डायमंड ज्युबिली'. बत्तीस गाणी, दोन तास. आला तेव्हा नेहमीच्या कुठल्याच अ‍ॅपवर नव्हता, यूट्यूबवर सलग एकच व्हिडिओ आणि नाहीतर एका साध्याशा पानावरून फाइल उतरवून घ्यायच्या. गाणं पुढे ढकलायची सोयच नाही म्हणून मी पहिल्यांदा कितीतरी वर्षांनी दोन तास सलग काही ऐकलं. दुसऱ्या रेडिओ स्टेशनचा आवाज मध्येच मिसळावा तशी साठच्या दशकातली वाटणारी गाणी, बहुतेक सगळी एकाच माणसाने केलेली. एवढंच, बाकी ऐका.

*

शेवटी मी पण लिहितो, बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्जचा 'वुडलँड'. याला ग्रॅमी मिळालंय, तरी माझ्या ओळखीत ऐकलेला एकही माणूस मला भेटलेला नाही म्हणून इथे बसतो असं समजा.

वुडलँड हे त्यांच्या नॅशव्हिलमधल्या स्टुडिओचं नाव. मार्च २०२० मध्ये चक्रीवादळाने त्याचं छप्पर उडालं, वर पाऊस, आणि हे दोघं रात्री अंधारात आत शिरून आयुष्यभराच्या टेप आणि वाद्यं बाहेर काढत होते. मग तोच स्टुडिओ परत उभा केला आणि त्यात हा अल्बम केला. दोन गिटारी, दोन आवाज, थोडंफार बाकी. आवाज इतके एकमेकांत मिसळलेले की कुठे कोण सुरू झालं ते कळत नाही, तीस वर्षं सोबत गाणाऱ्यांनाच ते जमतं.

आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी कागदपत्रं काढली, टीव्ही उचलून वर ठेवला, आणि वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट खालच्या कप्प्यात होत्या त्या राहिल्या. वडील तेव्हा गेलेले होते. ते काही गवय्ये नव्हते, घरच्या घरी गायचे, पेटी घेऊन. अकरा कॅसेट. वाळवून बघितल्या, एकीतूनसुद्धा काही आलं नाही. हा अल्बम ऐकताना पहिल्यांदा मला त्यांचं गाणं आठवलं, म्हणजे प्रसंग नाही, प्रत्यक्ष आवाज, दुसऱ्या गाण्यात रॉलिंग्जचा आवाज पुढे येतो तिथे. का ते माहीत नाही, आवाजात साम्य काहीच नाही. मी ते गाणं थांबवलं नाही, नंतर परत लावलं तेव्हा तसं झालं नाही.

बागेश्रीवाल्या ताई, तुम्ही परत सा लावाल तेव्हा शेजारी फोन ठेवून रेकॉर्ड करा. थरथरला तरी पुसू नका. आणि घरातल्या अजून एका माणसाकडे पाठवून ठेवा.