बालवाडीच्या पोरांना जड शब्द द्यायचे की नाहीत?

शहापूरची आई: चित्रांच्या पुस्तकांतून 'अजस्र', 'हिरमुसला', 'घनदाट', 'चिकाटी' असले शब्द काढा, पोरांना झेपत नाहीत, असं आमच्या बालवाडीच्या पालकसभेत ठरलं. मला हे अजिबात पटलेलं नाही. तीन वर्षांचं पोर बांधावर उभं राहून 'रोटावेटर आला' म्हणून ओरडतं, तेव्हा कुणी म्हणतं का शब्द जड आहे म्हणून? समोर वस्तू दिसते, आवाज येतो, शब्द बसतो. चित्रपुस्तक तेच करतं. 1978 साली अमेरिकेत सुसान कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी बालवाडीतल्या मुलांना सांगितलं, निळा नको, तो क्रोमियम ट्रे आण. ट्रे हिरवट रंगाचा होता. या अर्थाने तो शब्द मुलांनी कधी ऐकला नव्हता, तरी कोणता ट्रे ते त्यांना कळलं. आपणच पोरांना कमी समजतो.

खानापूरकर मास्तर: ताई, ट्रे आणणं वेगळं आणि शब्द टिकणं वेगळं. 2008 मध्ये जेसिका होर्स्ट आणि लॅरिसा सॅम्युअलसन यांनी दोन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. मुलांनी नव्या नावाची वस्तू बरोबर उचलली आणि पाच मिनिटांनी विसरली. त्यात आपल्या बेळगावकडचं ओझं बघा की ओ. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, गल्लीत दोन्हीची मिसळ, पहिलीत इंग्रजी. कर्नाटकच्या 2015 च्या कायद्याने कन्नड तर पहिलीपासून आलंच. कणकुंबी-जांबोटीकडच्या पोराला 'अजस्र' कशाला? त्याला चिखलणी ठाऊक आहे, मळणी ठाऊक आहे. ते शब्द तुमच्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांत कुठे आहेत? ही पुस्तकं पुण्यातल्या पोरांसाठी काढलेली. आमची पोरं त्यांत पाहुणी.

निपाणीचे आजोबा: मास्तरांशी सहमत. पाहुणे आले की 'बाळा, म्हणून दाखव बघू' सुरू होतं. पोर घाबरून आईच्या पदराआड जातं. हे मी पुष्कळ घरांत बघतोय.

शहापूरची आई: आजोबा, म्हणून दाखवायला लावणं वाईटच, त्यात वाद नाही. पण मास्तर, त्याच होर्स्टबाईंचं 2011 चं काम बघा. तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. एकच गोष्ट ऐकणाऱ्यांना शब्द जास्त चांगले आले. म्हणजे शब्द गाळायचा नाही, पुस्तक पुन्हा उघडायचं. आमच्या घरी 'हिरमुसला'च्या पानावर हत्तीच्या पिल्लाचे कान खाली पडलेत, सोंड जमिनीला टेकलीय. लेक ते पान आलं की खांदे पाडून बसते. अर्थ मी कधी सांगितला नाही, विचारलाही नाही. आणि चिखलणी हा जड शब्दच आहे की! तो काढून 'शेतात चिखल करणे' लिहिलंत तर बैल, गुडघाभर पाणी, पाऊस सगळंच जाईल.

अंगणवाडी ताई: तुम्ही दोघं घरातलं बोलताय. माझ्याकडे एका खोलीत मराठी आणि कन्नड बोलणारी मुलं एकत्र असतात, पुस्तक एकच. मागच्या ओळीला चित्रच दिसत नाही, मग शब्द बसणार कसा? मी गोलात बसवते आणि पान हातात धरून सगळ्यांसमोरून फिरवते. वेळ जातो, पण गलका थांबतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ 2015 पासून आहे, फुकट आहे. तिथे बऱ्याच गोष्टी त्याच चित्रांसह मराठीत आणि कन्नडमध्ये मिळतात. आधी एका भाषेत वाचते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. जड शब्दाला मुलं अडत नाहीत. लांबलचक वाक्याला अडतात, मग चुळबुळ सुरू.

खानापूरकर मास्तर: वाक्यांचं म्हणणं पटलं. एकच पुस्तक पुन्हा वाचायचं, हेही मान्य. पण 'अजस्र'वरचं माझं मत तेच आहे. एका घरी आई पोराला मांडीवर घेऊन रोज वाचते, दुसऱ्या घरी आई पहाटेच रोप लागणीला जाते. त्या दुसऱ्या पोराच्या वाट्याला पुस्तक आठवड्यातून एकदा, तेही शाळेत. त्याच्या त्या एका पुस्तकात आधी त्याच्या शिवारातले शब्द यावेत.

शहापूरची आई: मग दोन्ही हवेत, मास्तर. शिवारातले शब्द त्याच्याकडे आहेतच. न पाहिलेल्या रानातला हत्ती त्याला पुस्तकाशिवाय कोण दाखवणार? पुढच्या पालकसभेत मी पुस्तकं जशी छापलीत तशीच ठेवा म्हणून सांगणार आहे. चिखलणीची चार पानं तुमची पोरं चितारणार असतील तर कागद मी देते.