सेकंडहँड मोनो कॉइल सतत खरखरते. केबल गेली, कॉइल गेली की मातीच तशी? मदत हवी आहे

मातीमोल:

नमस्कार मंडळी,

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात राहते. मेलबर्नपासून दोन-अडीच तासांवर डनॉली, मोलियागुल, टार्नागुला असा जुन्या सोन्याचा टापू आहे. सुट्टीच्या दिवशी मी आणि नवरा तिथे धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन सोनं शोधत हिंडतो. मायनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) काढलेला आहे, खणलेले खड्डे बुजवतो, राष्ट्रीय उद्यानात शिरत नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिले चार प्रतिसाद त्यावरच जातील. मोलियागुलला १८६९ मध्ये 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा ७० किलोंहून जास्त वजनाचा गोळा जमिनीखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर सापडला होता. आमच्या पदरात आजवर बंदुकीचं शिसं, बुटांचे खिळे आणि तांदळाएवढे थोडेसे दाणे.

मशीन मायनलॅबचं जीपीएक्स ५०००, म्हणजे पल्स इंडक्शनवालं (जमिनीत चुंबकीय ठोके सोडून त्यांचं उत्तर ऐकणारं). सोबत आलेली ११ इंची डीडी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, छान चालते; डीडीत पल्स सोडायला एक आणि ऐकायला दुसरं वेटोळं असतं. जरा खोल जाता यावं म्हणून एक लंबगोल १४ बाय ९ ची मोनो कॉइल सेकंडहँड घेतली. ती दुसऱ्या कंपनीची आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कंपनीचा की आधीच्या मालकाच्या वापराचा हे मला ठरवता येत नाही.

आवाज दोन प्रकारचे येतात.

पहिला: थ्रेशोल्डची (काही सापडलेलं नसतानाही मशीन सतत करतं ती) गुणगुण एका सुरात राहतच नाही. कॉइल हातात स्थिर धरली तरी आवाज वरखाली होतो, मधूनच खर्र्कन तुटतो. सकाळी बरा असतो, ऊन चढलं की वाढतो.

दुसरा जास्त छळतो. कॉइल फिरवताना झोक्याच्या टोकाला, बहुतेक उजवीकडे, 'कुंई' असा गोड आवाज येतो. अगदी सोन्याचा यावा तसा. खणलं की काही नाही. पुन्हा त्याच जागेवरून फिरवलं तर कधी येतो, कधी नाही.

आतापर्यंत केलेलं: ऑटो ट्यून केलं (म्हणजे मशीनला बाहेरचा गोंगाट टाळू दिला), विजेच्या तारांपासून लांब गेलो, मोबाइल गाडीत ठेवला, लोखंडी टोपीचे बूट घरी ठेवले. प्लगच्या पाचही पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या. कॉइलचा बोल्ट प्लास्टिकचाच आहे.

सासरे सध्या आमच्याकडे आलेत. रेल्वेतून इलेक्ट्रिकल फिटर म्हणून निवृत्त झाले, मल्टिमीटर सामानातून घेऊनच आले होते. त्यांनी कॉइलचा रोध मोजला तर अर्ध्या ओहमच्या आसपास रीडिंग, काटेकोर स्थिर. "तार अखंड आहे, हिला काही झालेलं नाही," असा निकाल देऊन ते मोकळे झाले. नवरा म्हणतो, माती तशी आहे. मला केबलचा संशय आहे. घरात तीन पक्ष झालेत.

खालची स्किड प्लेट (कॉइल घासू नये म्हणून बसवलेलं प्लास्टिकचं झाकण) अजून काढलेली नाही. आधीच्या मालकाने ती कडेने सिलिकॉन लावून चिकटवली आहे. कापू का? आणि दोष नेमका कुठे आहे हे कॉइल न फोडता कसं ओळखायचं?

बेंडिगोकर:

ताई, आधी एक विचारतो. जुनी डीडी कॉइल डीडीवर आणि ही मोनो मोनोवर ठेवून तुलना केलीत ना? त्यात मोनो नेहमीच हरणार. मोनोमध्ये एकच वेटोळं पल्स सोडतं आणि तेच ऐकतं. खोली मिळते, पण इथल्या लाल, लोहखड्यांच्या जमिनीत ती बोंबलतेही जास्त. शिवाय तुमची नवी कॉइल मोठी आहे, बाहेरचा गोंगाटही जास्त पकडणार.

म्हणून जुनी ११ इंचीच लावा आणि मशीनवरचा कॉइलचा स्विच मोनोवर करा. डीडी कॉइल तशीही चालते. त्याच जागी, त्याच सेटिंगवर तीही कुरकुरली तर तुमच्या यजमानांचं खरं. शांत राहिली तर यजमानांचा पक्ष बाद.

मग नवी कॉइल लावा, उभी करून छातीएवढ्या उंचीवर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एका दिशेला खरखर वाढली, दुसरीकडे उतरली तर बाहेरून काहीतरी येतंय. शेताच्या विजेच्या कुंपणाचा ठोका साधारण सेकंदाला एक असा घड्याळासारखा येतो, तो लगेच ओळखू येतो. दूरवरचं वादळही खरखरतं. चारही दिशांना सारखंच असेल तर बाहेरचं नाही.

त्यानंतर कॉइल प्लास्टिकच्या क्रेटवर आडवी ठेवा, तिला हात लावू नका. फक्त केबल प्लगपासून कॉइलपर्यंत वीतभर-वीतभर हळूच वाकवत जा. दुसऱ्याला स्पीकर ऐकू द्या, आपल्याच हाताने वाकवताना भास होतात.

सिलिकॉन बिनधास्त कापा, पण पातं आडवं धरून, कॉइलच्या अंगाला न लावता. मला तर झोक्याच्या टोकाचा आवाज तिथलाच वाटतो. प्लेटच्या आत लोहखड्यांचा चुरा शिरला की तो प्रत्येक झोक्यासरशी घरंगळतो आणि टोकाला जाऊन साचतो. मशीनला ते लक्ष्यच वाटतं. सिलिकॉन कचरा आत जाऊ नये म्हणून लावतात, पण आधीच आत असलेला कचराही त्याने कोंडला जातो.

ओहमकार:

बाबांना नमस्कार सांगा. त्यांनी मोजलेलं बरोबरच आहे, या जातीच्या कॉइलचा रोध एक ओहमच्या आतच असतो. पण साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोनतीनदा आकडा बदलतो आणि अगदी थोडा प्रवाह सोडतो. केबलमधल्या बारीक तारांपैकी काही तुटल्या तरी उरलेल्या तारांवर रीडिंग जवळपास तेच येतं. क्षणभर संपर्क सुटला तर तो आकड्यात दिसतही नाही.

डिटेक्टरचं काम वेगळं. तो कॉइलमध्ये काही अँपिअरचा प्रवाह सोडतो, झटक्यात तोडतो, त्यासरशी कॉइल मोठा उलटा व्होल्टेज फेकते. तो ओसरतो न ओसरतो तोच, काही मायक्रोसेकंदांत, मशीन मायक्रोव्होल्टमधला प्रतिसाद ऐकायला बसतं. अशा वेळी केबलचं शील्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारं आवरण) किंचित सरकलं, सोल्डरचा एखादा डाग सुटला, तरी कानाला ती मोठी गडबड असते. बाबांकडे काट्याचा मीटर असेल तर केबल हलवत असताना त्यावर बघायला सांगा, काट्याची थरथर आकड्यापेक्षा लवकर दिसते.

ऊन चढल्यावर वाढतं म्हणालात, त्यामुळे सैल जोडाचा संशय बळावतो. प्लास्टिक आणि आत ओतलेला इपॉक्सीचा गोंद तापून फुगतात, जोड आणखी सुटतो. एक विनंती: केबल बदलायची म्हणून बाजारातली दुसरी कोणतीही जोडू नका. केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) कॉइलच्या हिशोबात धरलेली असते.

सह्यभटक्या:

धागा वाचून एक शंका. हे मशीन इकडे आणलं तर आमच्या भागातल्या किल्ल्यावर चालेल का? गावात गुप्तधनाच्या फार गोष्टी आहेत.

मातीमोल:

मशीन चालेल, तुमचं चालणार नाही. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि कुठेही जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. कृपया या धाग्यावर हा विषय नको.

मातीमोल:

सगळं करून पाहिलं, निकाल लिहिते.

जुनी कॉइल मोनोवर थोडीशी पुटपुटली, बाकी शांत. नवी उभी धरून चारही दिशांना फिरवली, खरखर सगळीकडे सारखीच. नवरा बाद.

स्किड प्लेट निघाली. आत लाल माती आणि काळा चुरा. चुंबक फिरवला तर बहुतेक चुरा त्याला चिकटला. धुऊन, पूर्ण वाळवून प्लेट परत बसवली आणि झोक्याच्या टोकाचा 'कुंई' गेला. बेंडिगोकर, तुमचा अंदाज अचूक.

पहिली खरखर मात्र आहे. केबल प्लगकडून वाकवत आलो, काही नाही. मधेही नाही. जिथे ती कॉइलच्या अंगात शिरते तिथे दांड्याच्या दिशेने वाकवली की स्पीकर किंचाळतो, उलट वाकवली की गप्प. बाबांनी स्वतः ऐकलं आणि मल्टिमीटर पिशवीत घातला. आता ते म्हणतात, इपॉक्सी कोरून डाग द्यायला अर्धा तास पुरे. सोल्डरिंग गन कुठे मिळेल म्हणून विचारत होते. त्यांना कसं आवरू? आणि तोवर कॉइल वापरता येईल अशी काही युक्ती आहे का?

ओहमकार:

प्लगच्या बाजूला असतं तर बाबांना मीच सांगितलं असतं, करा. तिकडे थोडी केबल कापून नव्याने डाग देता येतो. कॉइलच्या बाजूला इपॉक्सी कोरताना वेटोळ्याची तार किंवा शील्डचा थर दुखावला की कॉइल भंगारात जाते. त्यांना सोल्डरिंगची हौस असेल तर दुसरं काम द्या.

बेंडिगोकर:

तात्पुरती युक्ती आहे. कॉइलजवळ केबलला जरा ढिली वळी ठेवा, म्हणजे कॉइलचा कोन बदलला तरी तिथे ताण येणार नाही. जिथे गप्प बसते त्याच बाजूला वाकलेली ठेवून, पहिली वेल्क्रो पट्टी तिथून थोडं वर घट्ट बांधा. बाकीची केबल दांड्याला आवळून गुंडाळा, लोंबती केबलही आवाज करते. आरएक्स गेन (मशीनची ऐकण्याची संवेदनशीलता) एक-दोन पायऱ्या खाली आणा, टायमिंगची सेटिंग 'एन्हान्स'वर ठेवा. चालेल, पण बारीक दाण्यांच्या पुसट आवाजावर विश्वास ठेवू नका, तुटकी तार तशीच पुटपुटते.

दुरुस्तीसाठी कॉइल बनवणाऱ्यालाच विचारा, फोटो आणि हा केबलचा प्रयोग लिहून. आकडा आधी मागा. सेकंडहँड किमतीच्या निम्म्याच्या वर गेला तर मी दुरुस्त करणार नाही.

शनिवारी डनॉलीकडे येणार असाल तर माझी मोनो कॉइल आणतो, तुमच्या मशीनला लावून बघू. म्हणजे मशीनबद्दल काही शंका उरली असेल तर तीही जाईल. माझं मशीन मात्र गाडीतच बंद ठेवीन. दोन पल्स मशिनं शेजारी चालू असली की कोण कोणामुळे ओरडतंय ते कळत नाही. बाबांनाही आणा.