केरळ फिरून आल्यापासून मजुरीचा दर डोक्यातून जात नाहीये

गोदाकाठ_८८
दिवाळीच्या सुट्टीत नाशिकरोडवरून मंगला एक्सप्रेसने एर्नाकुलमला गेलो, घरचे पाच जण, पुढे मुन्नार वगैरे नेहमीचंच. होमस्टेवाल्या काकांच्या आवारात एक जण गवत काढत होता, सहज विचारलं रोज किती देता, तर म्हणे ९०० आणि वर चहा-नाश्ता. मला वाटलं टुरिस्ट बघून फेकतोय. घरी येऊन शोधलं तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या आकड्यांत केरळात शेतमजुराची सरासरी रोजी ७६० च्या वर, देशाची ३४५ च्या आसपास, आणि आपला महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्याही खाली!! तेव्हापासून सकाळी पेठ फाट्यावर कामासाठी उभी असलेली माणसं दिसली की कसंतरीच होतं, रोज तिथूनच जातो पण आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. मी आजपर्यंत छातीठोक सांगायचो की कष्ट करणारा माणूस गरीब राहत नाही. आता ते तोंडातून निघत नाही. तुमचं कुणाचं असं झालंय का, की हे आठ दिवसांचं असतं आणि मग परत आपलं येरे माझ्या मागल्या?

वाटसरू
आठ दिवसांचंच असतं, अनुभवाने सांगतो 😄
पण चेष्टा सोडा. मुन्नारला चहाच्या मळ्यात फोटो काढले असतील ना, तिथे पाठीवर पोतं घेऊन पानं खुडणाऱ्या बायका कुठे राहतात ते बघितलं का? मळ्यातल्या जुन्या चाळीत, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. २०१५ साली त्याच बायकांनी बोनस आणि मजुरीसाठी मुन्नार बंद पाडलं होतं, आणि पुढाऱ्यांना, स्वतःच्या युनियनवाल्यांनासुद्धा, जवळ फिरकू दिलं नव्हतं. म्हणजे केरळात सगळं गोडच आहे असं नाही.
दुसरं म्हणजे तो ९०० चा दर काही आभाळातून पडला नाही. जमीन सुधारणा झाल्या, संघटना झाल्या, आखातातला पैसा आला, हमालांसाठी १९७८ चा वेगळा कायदा आला. आणि गंमत अशी की हमालांचा कायदा आपल्याकडे त्याच्याही आधीचा, १९६९ चा माथाडी कायदा. रोजगार हमीसुद्धा ७२ च्या दुष्काळातून आपल्याच राज्यात उभी राहिली. मग बाजार समितीतल्या हमालाला माथाडी बोर्ड आणि द्राक्षबागेतल्या मजुरांच्या टोळीला काहीच नाही, हे कसं काय? एवढं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बागवाला_निफाड
आला का विषय शेवटी बागायतदारावर 🙏 राव, मजुराला कमी देतो म्हणून आम्हाला शिव्या घालणं सोपंय. ऑक्टोबर छाटणीपासून डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळणं) सगळं एकरावर उक्तं ठरतं, मुकादमाला उचल आधी द्यावी लागते, त्यात एक अवकाळी आला की गेलं सगळं. आणि माल उचलून पैसे न देता पळालेला व्यापारी आमच्या गावात प्रत्येकाने एकदा तरी बघितलाय.
आता माझ्या फिरण्याचं सांगतो. मागे शेतकऱ्यांच्या दौऱ्यात हॉलंडला गेलो होतो, रॉटरडॅमला बंदर दाखवलं आणि नंतर दुकानात भारतातली द्राक्षं दिसली, अर्ध्या किलोचा डबा अडीच युरोला. मला त्या वर्षी जागेवर किलोला ८० मिळाले होते आणि मी खुश होतो!! तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला आणि डोकं आउट झालं. जहाज, कोल्ड स्टोरेज, पॅकिंग सगळं धरलं तरी जमेना. पण खरं सांगू का, हॉटेलवर आल्यावर दुसरा हिशोब सुचला की त्या ८० मधले टोळीला किती गेले. तो काही मी इथे लिहीत नाही.

सुरगाणकर
वाचत होतो नुसता, आता लिहितो. तुम्ही फिरायला जाता, आमच्याकडे सुरगाण्याला म्हणतात जगायला जातो. दिवाळी झाली की पिकअप भरून माणसं खाली दिंडोरी-निफाडला, बागांच्या कामाला. पाऊस आमच्याकडे धो धो, पण नार-पार नद्यांचं पाणी गुजरातकडे उतरतं आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट. मी तिसरी-चौथीत अर्धं वर्ष बागेच्या बांधावरच होतो, आता सातपूरला कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर.
माझा सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च, नाशिकहून मुंबई, १८० किलोमीटर पायी, वडलांसोबत. दहावीची परीक्षा होती म्हणून शेवटच्या रात्री झोप न घेता आझाद मैदानापर्यंत चाललो, पोरांना त्रास नको. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, फाटलेले पाय बघून चपला दिल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आम्ही चपला मागायला गेलो नव्हतो. वडील ज्या वनजमिनीवर नागली करतात तिचा कागद मागायला गेलो होतो, वनहक्क कायदा २००६ चा आहे. पेपरात फोटो मात्र पायांचे आले.
निफाडकर भाऊ, हिशोब लिहिला असता तर बरं झालं असतं.

बागवाला_निफाड
भाऊ, पर्सनलवर नंबर पाठव. इथे नको.

गोदाकाठ_८८
मी विचारलं काय आणि निघालं काय. काल रात्री आईला विचारलं आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना महिन्याला किती देतो आणि शेवटचे कधी वाढवले. आई म्हणाली, केरळला जाऊन आलास तर केळ्याचे वेफर्स खा, यात तुला काय करायचंय. विषय चालू आहे, भांडण पण.