ओपन फाइल ग्राहकाला द्यायची की नाही?

डिझायनर, जळगाव
लोगो झाला, पाऊच झाला, की शेवटी मागणी येतेच: "भाऊ, कोरलची फाइल पण टाकून द्या ना." कोरल म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि त्यातली बदल करता येणारी मूळ फाइल ती ओपन फाइल. माझं मत सरळ आहे. ठरलेल्या पैशात ओपन फाइल बसत नाही. ग्राहकाने घेतलंय ते छापायला तयार काम: सीएमवायके (छपाईच्या चार शाया), चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), क्रॉपमार्क (कापायच्या खुणा), अक्षरं कर्व्ह केलेली (आकृत्यांत बदललेली) पीडीएफ. ओपन फाइल दिली म्हणजे पुढच्या दहा बदलांची मजुरी दिली. हवी असेल तर कोटेशनमध्ये तिची वेगळी ओळ टाकायची आणि दर आधीच बोलायचा. ५० टक्के अ‍ॅडव्हान्स, दोन करेक्शन फेऱ्या, आणि बाकी जमा होईपर्यंत फक्त वॉटरमार्कचा कमी रिझोल्यूशनचा जेपीजी. शिवाय कोणीही फाइल उघडून अक्षरं ताणतो, रंग बदलतो, आणि बाजारात ते आपलं काम म्हणून फिरतं.

डाळ पॅकिंगवाला, जळगाव एमआयडीसी
अजिबात पटलं नाही. लग्नपत्रिका एकदा छापली की संपली, डाळीचा पाऊच संपत नाही. आज ५०० ग्रॅम, उद्या १ किलो, मग ५ किलो. पत्ता बदलतो, तक्रारीचा फोन बदलतो, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी नंबर नवा येतो. अक्षरं कर्व्ह केली की ती अक्षरं राहत नाहीत, आकृत्या होतात. एक आकडा बदलायचा तरी पुन्हा तुमच्याच दारात. आणि तुम्ही पुण्याला नोकरीला निघून गेलात तर? पैसे मोजल्यावर माल माझा. चावी तुमच्या खिशात का?

छपाईवाला, भुसावळ
ओपन फाइल मागणारे ती उघडून बघत नाहीत, हीच खरी अडचण आहे भो. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात, टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्ट सोबत पाठवा म्हणाल, तर फॉन्टचा परवाना डिझायनरच्या नावावर असतो, तो असा वाटता येत नाही. नव्या कोरलची फाइल जुन्यात उघडत नाही. खालच्या व्हर्जनला सेव्ह केली तर ट्रान्सपरन्सी (पारदर्शक भाग) आणि मेश फिल (एकमेकांत मिसळणारे रंग) बिघडू शकतात.

सगळ्यात महाग चूक काळ्या रंगाची. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला, काळा सीएमवायकेत गेला की चार रंगांचा होतो. ६-७ पॉइंटच्या मजकुरात रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी वेलांटी आणि रफार पुसट होतात. बारीक मजकूर फक्त के १०० वर (नुसती काळी शाई), ओव्हरप्रिंट लावूनच (खालच्या रंगावर थेट छापून) हवा. बारकोडच्या रेघा लाल करू नका, स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या दिसतच नाहीत. फाइल उघडी आहे की बंद हा वाद त्यानंतरचा.

केळी बॉक्सवाला, सावदा
लोगोचं काय ते बोला. पाऊचचा लेआउट ठेवा तुमच्याकडे, पण लोगो व्हेक्टरमध्ये (कितीही मोठा केला तरी न फाटणारा) मिळालाच पाहिजे, त्याला वेगळे पैसे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला १६०० पिक्सेल रुंदीचा जेपीजी १० फुटांच्या फ्लेक्सवर ताणला तर इंचाला १३ पिक्सेल उरतात. आणि खोक्याच्या स्टीरिओसाठी (छपाईचा रबरी ठसा) एका रंगातली आवृत्ती लागते. तपकिरी क्राफ्ट कागदावर फ्लेक्सो (त्या ठशाची छपाई) छापताना पांढरी शाई नसेल तर पांढरं अक्षर म्हणजे तपकिरी अक्षर, पिवळा मळकट दिसतो, बारीक रेघा शाईने भरून जातात. ग्रेडियंटचा लोगो तिथे काय कामाचा?

डिझायनर, जळगाव
लोगोबाबत हे शंभर टक्के मान्य. पीडीएफ आणि एसव्हीजी, रंगीत, एकरंगी आणि उलटी (गडद रंगावर पांढरी) अशा तिन्ही आवृत्त्या मूळ दरातच द्यायला हव्यात. जो देत नाही त्याने लोगो पूर्ण केलेला नाही. लेआउटबाबत मात्र मत तेच.

चित्रकार, धुळे
चित्राचा हिशोब लोगोपेक्षा वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता, आणि कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावा लागतो. त्या लेखी करारात मुदत नसेल तर ५ वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरतात. फाइल देणं आणि हक्क देणं या दोन गोष्टी आहेत. पाऊचसाठी काढलेलं कानबाई देवीचं चित्र उद्या कॅलेंडरवर किंवा साडीच्या खोक्यावर वापरायचं तर नवा परवाना, नवे पैसे.

डाळ पॅकिंगवाला, जळगाव एमआयडीसी
ताई, त्याच कलम १७ मध्ये लिहिलंय की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंग किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक सांगणारा, वेगळा करार नसेल तर. तेही सांगा.

चित्रकार, धुळे
बरोबर, आहे तसं. म्हणूनच "वेगळा करार" चित्र सुरू करण्याआधी हवा. एक पान पुरतं: कोणतं चित्र, कुठे वापरायचं, किती वर्षं, किती पैसे. काम संपल्यावर लिहायला बसलं की बाजू ग्राहकाची जड होते. नाव लावण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा कलम ५७ चा हक्क मात्र मालकी गेली तरी चित्रकाराकडेच राहतो.

डिझायनर, जळगाव
डाळवाल्या भाऊंच्या अडचणीवर एक उपाय आहे. बदलणारा सगळा मजकूर, म्हणजे वजन, पत्ता, नंबर, एकाच काळ्या थरात ठेवायचा. ग्रॅव्युअरमध्ये, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या पाऊच छपाईत, दर रंगाला एक सिलिंडर असतो, त्यामुळे पाऊचचं माप तेच राहून मजकूर बदलला तर फक्त काळा सिलिंडर नवा करावा लागतो. त्या थराची युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या) मजकुराची फाइल मूळ पैशात द्यायला माझी हरकत नाही. चित्र आणि मांडणी बंदच.

डाळ पॅकिंगवाला, जळगाव एमआयडीसी
हे अर्धं चालेल. पण त्या थरात टायपिंगची चूक निघाली तर सिलिंडरचा भुर्दंड कोणावर?

डिझायनर, जळगाव
सही झालेल्या प्रूफवर (छपाईआधीच्या तपासणी प्रतीवर) चूक दिसत असेल तर ग्राहकावर. सहीनंतर फाइलमध्ये घुसली असेल तर डिझायनरवर.

डाळ पॅकिंगवाला, जळगाव एमआयडीसी
मान्य नाही. मजकूर आमचा असतो, पण पाठवलेल्या कागदात वजन ५०० असताना प्रूफवर ५० आलं, तर सही असली तरी निम्मा खर्च तुमचा.

छपाईवाला, भुसावळ
आणि ते प्रूफ १०० टक्के मापात कागदावर काढलेलं हवं. मोबाइलच्या स्क्रीनवर "ओके" लिहिलेली सही मी धरत नाही.