मदत हवी आहे: पार्लरमध्ये लेझर चालतं का?

मंडळी, बडोद्यात पार्लर किंवा स्किन क्लिनिक चालवणारं कुणी असेल तर जरा सांगा. माझ्या नणंदबाईंनी आयटीआयचा १ वर्षाचा कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स केलाय, दांडिया बाजारात घरीच छोटं पार्लर आहे. थ्रेडिंग, फेशिअल, नवरीचा मेकअप, हाताखाली दोन मुली. गुजरातच्या २०१९ च्या दुकान कायद्यात इतके थोडे कामगार असले तर नोंदणीऐवजी नुसती माहिती कळवायची, ती कळवलीय.

आता एक मशीनवाला मागे लागलाय. लेझर घ्या, केमिकल पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं) सुरू करा, वर दोन दिवसांचं सर्टिफिकेट फुकट! मला हे मुळीच पटत नाही. नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३४ मध्ये नोंदणीशिवाय डॉक्टरकी केली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोटॉक्सची, म्हणजे सुरकुत्या घालवायची सुई डॉक्टरच्याच हातात हवी, त्यावर वाद नाही. अडतंय ते लेझर आणि पीलवर. स्किनचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन बसले तर चालतं का? क्लिनिक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते का? कुणी केली असेल तर कुठल्या खात्यात गेलात?

ॲडव्हान्स द्यायच्या आत कळलं तर बरं, बाई दिवाळीच्या ऑफरला भुलल्यात.